आजीला युद्धाबद्दल नको, कंदिलाबद्दल विचारा: घरातला युद्धकाळ टिपून ठेवण्याची रीत

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या. त्या संध्याकाळी बऱ्याच घरांत म्हातारी माणसं आपणहून बोलायला लागली. "आमच्या वेळी खरा भोंगा वाजायचा, काचांना काळे कागद लावलेले असायचे..." एवढं बोलून झालं की टीव्हीवर पुढची बातमी लागायची आणि विषय तिथेच राहायचा. दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. हा लेख त्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि दहाव्या प्रश्नाबद्दल आहे.

रणांगणावर काय झालं ते सैन्याच्या कागदपत्रांत आणि जाडजूड ग्रंथांत सापडतं. पण ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे विमानहल्ल्याच्या भीतीनं दिवे झाकायच्या-विझवायच्या सक्तीत, तान्ह्या बाळाचं दूध कुठे तापवायचे, रात्रपाळीचा माणूस घरी कसा यायचा, तारवाला गल्लीत शिरला की कुठली दारं बंद व्हायची, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. ती आपल्याच घरात, एकदोन माणसांच्या डोक्यात आहे.

१. आधी वय आणि वर्ष जुळवा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे घरातल्या ज्येष्ठांची नावं आणि जन्मसालं लिहा. वरच्या ओळीत वर्षं मांडा: १९४२ ते ४५, १९६१ (गोवा किंवा सीमेलगतच्या सावंतवाडी भागातलं घर असेल तर), १९६२, १९६५, १९७१, १९९९. चौकटीत त्या वेळचं वय भरा आणि माणूस तेव्हा कुठे राहत होतं तेही लिहा. हे दुसरं लोक विसरतात. १९७१ साली मुंबईच्या चाळीत राहणारी बाई आणि विदर्भातल्या खेड्यात राहणारी तिची सख्खी बहीण, दोघींचं युद्ध एक नव्हतं. एकीला भोंगे आठवतील, दुसरीला फक्त रेडिओभोवती जमलेली गर्दी.

कुणाकडे आधी जायचं हे या पानावरूनच कळतं. दुसऱ्या महायुद्धात आठदहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. ते काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. एकाहत्तरला शाळेत असलेली मंडळी साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्याकडे थोडं मागाहून गेलं तरी चालेल.

जावई, सुना, शेजारी, घरी कामाला येणाऱ्या बाई, सगळ्यांना या पानात जागा द्या. "आमच्या घराण्याचा इतिहास" म्हणून नुसत्या पुरुषांची यादी केलीत तर रॉकेलची रांग कधीच कळणार नाही, कारण त्या रांगेत बहुतेक ठिकाणी बायका आणि पोरंच उभी असायची.

२. बोलण्याआधी ट्रंक उघडा

नुसत्या प्रश्नापेक्षा हातात दिलेली वस्तू माणसाला जास्त बोलकं करते. माळ्यावरची ट्रंक, फडताळाचा खालचा कप्पा, देवघरामागचा पत्र्याचा डबा एकदा निवांत पाहून घ्या. काय सापडू शकतं ते सांगतो.

जुनी पत्रं. सैन्यातल्या माणसाच्या पत्त्यात "५६ ए.पी.ओ." किंवा "९९ ए.पी.ओ." असं लिहिलेलं असतं. ए.पी.ओ. म्हणजे सैन्याचं टपालघर; मूळ ठाणं लपवून टपाल पोचवण्याची ती सोय, त्यामुळे पत्रावरून माणूस कुठे होता ते कळत नाही. युनिटचं नाव मात्र कळतं, ते उतरवून घ्या. महायुद्धातल्या लिफाफ्यांवर टपाल उघडून तपासल्याची चिठ्ठी किंवा सेन्सॉरचा शिक्का असतो. पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी "रेफ्युजी रिलीफ" असं छापलेलं ५ पैशांचं जादा तिकीट दिसलं, तर ते पत्र नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ या काळातलं आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी तो अधिभार होता आणि घाईघाईत सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ती अक्षरं छापली होती. उलट पत्त्यात पिनकोड असेल तर ते पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असू शकत नाही, पिनकोड सुरू झाला तोच त्या दिवशी.

नाणी पाहा. मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा १९४३ पासूनचा. युद्धात धातूची टंचाई झाली, चिल्लर बाजारातून गायब झाली, तेव्हा ही काटकसर आली. तो पैसा आजोबांच्या तळहातावर ठेवा आणि गप्प बसा. त्या काळी सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदार काय हातावर ठेवायचा, ते त्यांचं ते सांगतील.

पावत्या आणि दागिने. १९६२ च्या चीन युद्धात राष्ट्रीय संरक्षण निधीला बायकांनी बांगड्या, अंगठ्या काढून दिल्या. अनेक घरांत त्याची पावती जपलेली असते आणि ती कशाची हे नातवंडांना ठाऊक नसतं. त्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायला बंदी झाली. त्या दोनतीन वर्षांत लग्न झालेल्या आत्या-मावशीला तिच्या मंगळसूत्राबद्दल विचारून पाहा. सोनाराची तक्रार, सासूची नाराजी, सगळं एका दमात बाहेर येतं. युद्ध हिमालयात झालं आणि त्याचा माग तिच्या गळ्यात राहिला, हे तिला तोवर कुणी विचारलेलंच नसतं.

याखेरीज रेशनकार्डं, रेडिओचं लायसन्स-पुस्तक, मनीऑर्डरची कुपनं, अर्धवट विणलेला खाकी स्वेटर. प्रत्येक वस्तूचा पुढून-मागून फोटो काढा आणि ती जिथे होती तिथेच परत ठेवा. "हे मी घरी घेऊन जातो" म्हणालात की पुढची पेटी उघडायची नाही.

३. प्रश्न कसे विचारायचे

सगळी मेख इथे आहे. परळच्या एका आजींशी त्यांच्या नातवाचं झालेलं बोलणं जवळपास जसंच्या तसं देतो.

"आजी, एकाहत्तरच्या युद्धात काय काय झालं गं?"

"काय व्हायचंय? आपण जिंकलो. इंदिराबाई होत्या ना तेव्हा."

झालं. ती तर पाठ्यपुस्तकातलं उत्तर देऊन मोकळी झाली. मग प्रश्न बदलला.

"ब्लॅकआउट असायचा तेव्हा रात्रीचा स्वयंपाक कधी आवरायचीस?"

"अंधार पडायच्या आत. डिसेंबरचे दिवस, सहाला काळोख. तुझे आजोबा मिलमधून उशिरा यायचे, त्यांचं ताट झाकून ठेवायचे. आमटी गरम करायला स्टो पेटवला की खालून वॉर्डन ओरडायचा, 'तिसरा माळा, दिवा!' मग मी मोरीत बसून स्टो पेटवायला लागले. मोरीला खिडकी नव्हती."

मोरीत बसून आमटी गरम करणारी बाई कुठल्याच ग्रंथात सापडणार नाही. पुढचा प्रश्न तिच्याच वाक्यातून उचलायचा: धूर नाही का कोंडायचा? रॉकेल मिळत होतं? मुलं तेव्हा काय करायची? वॉर्डन कोण होता, चाळीतलाच?

युद्ध, देश, सरकार, विजय हे शब्द पहिल्या बैठकीत तोंडातून काढूच नका. त्या शब्दांनी समोरचं माणूस सावरून बसतं आणि भाषण द्यायला लागतं. त्याऐवजी दिवसाच्या क्रमानं जा. सकाळी पाणी कधी यायचं, दळण कुठून आणायचात, शाळा भरत होती का, मैदानात खंदक खणले होते का आणि पोरं त्यात काय खेळायची, काचांवर कागदाच्या पट्ट्या कुणी चिकटवल्या, खळ कशाची केली, काळा कागद कितीला मिळाला. गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग दिलेला आठवतो का? इमारतीच्या दारासमोर विटांची आडभिंत बांधली होती का आणि ती पुढे कधी पाडली? (काही ठिकाणी ती बरीच वर्षं तशीच होती, पोरांना लपाछपीला बरी.)

आवाजाबद्दल जरूर विचारा. वरखाली होणारा भोंगा म्हणजे धोका, एकसलग भोंगा म्हणजे धोका टळला. गिरणगावात तर एरवीही पाळ्यांचे भोंगे वाजायचेच. तिथल्या माणसाला विचारा, रात्री जाग आल्यावर कुठला भोंगा कुठला हे कसं ओळखायचात.

वासाचं आणि भीतीचं नंतर. भीतीचा प्रश्न थेट नको. "तेव्हा घरात सगळ्यांत जास्त कोण घाबरायचं?" असं दुसऱ्याबद्दल विचारलं की माणूस आधी दुसऱ्याचं सांगतं आणि मग स्वतःचं.

४. फौजी घर असेल तर

सातारा, कोल्हापूर, सांगली, कोकण इथल्या कित्येक घरांत युद्ध म्हणजे गेलेला माणूस. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून तर पहिल्या महायुद्धात इतके लोक गेले की गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. अशा घरात आधीच्या रीतीला थोडी मुरड घालावी लागते.

पहिल्या बैठकीत फोन बाहेर काढू नका. मनीऑर्डरपासून सुरुवात करा: किती यायची, कुणाच्या नावावर यायची, पत्र वाचून कोण दाखवायचं, उत्तर कोण लिहून द्यायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकोची पत्रं गावातला मास्तर किंवा शाळकरी पोरगा लिहायचा. मग तिला नवऱ्याला जे सांगायचं होतं त्यातलं किती सांगता यायचं? या प्रश्नावर मी बायकांना हसताना पाहिलंय आणि डोळे पुसतानाही.

माणूस गेल्याची खबर देणाऱ्या तारेचा विषय आपण काढायचा नाही, त्यांनी काढला तर थांबवायचा नाही. मधली शांतता भरून काढायची घाई करू नका. पाणी द्या, बसून राहा. "पुरे" म्हणाल्या की पुरे.

नौदलातल्या माणसाच्या घरी ९ डिसेंबर १९७१ ही तारीख मनात ठेवूनच जा. त्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली आणि १९४ जण गेले. तुम्ही अजाणतेपणी "नौदलानं कराची कशी पेटवली" असं उत्साहानं विचारायला जाल आणि समोर त्या जहाजावर भाऊ गमावलेली बहीण बसलेली असेल.

दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. इंग्रजांनी मराठी नावं जशी ऐकली तशी लिहिली, तेव्हा एकाच आडनावाची पाचसहा स्पेलिंगं करून पाहा, नाही तर गावाच्या आणि पलटणीच्या नावानं शोधा. स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत. गावातली दगडी पाटीही विसरू नका, "या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले" अशी. बऱ्याचदा ती शाळेच्या नाही तर चावडीच्या भिंतीत असते, आणि तिच्यावर चुन्याचे चारपाच हात बसलेले असतात.

५. ध्वनिमुद्रण

इथे फार वेळ घालवायला नको. साधा फोन पुरतो. एअरप्लेन मोड लावा, पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या पंच्यावर ठेवा म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. कुकरच्या वेळी बसू नका. सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि "हे रेकॉर्ड करतोय, चालेल ना?" हे मोठ्यानं म्हणा, त्यांचं "हो" त्यात येऊ द्या. पाऊणएक तास झाला की थांबा. चांगलं ते बऱ्याचदा उठताना, दारात आठवतं, म्हणून फोन लगेच बंद करू नका.

लिहून काढताना भाषा सुधारू नका. मालवणी मालवणीच राहू दे, वऱ्हाडी वऱ्हाडीच. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय मराठीत बरी चालते, पण ती बोलीभाषेची पार वाट लावते, म्हणून शेवटी कानानंच तपासायचं.

६. तारखा पंचांगावरून लावा

आठवणींत सगळ्यांत मोठा घोळ पासष्ट आणि एकाहत्तरचा होतो. ब्लॅकआउट दोन्ही वेळा होता, रेडिओ दोन्ही वेळा होता, शत्रूही तोच. सन विचारून काही हाती लागत नाही, सणवार विचारला की लागतं.

चीनचं युद्ध २० ऑक्टोबर १९६२ ला सुरू झालं आणि आठवड्याभरात दिवाळी आली. फराळ केला पण फटाके उडवले नाहीत, अशी आठवण आली तर ती बासष्टची असण्याचा संभव मोठा. पासष्टचं युद्ध भाद्रपदातलं. गणपती बसलेले होते, ६ सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या दिशेनं सरहद्द ओलांडून गेलं, आणि २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली तेव्हा पितृपक्ष संपत आला होता. पावसाची, छत्रीची, विसर्जनाची, श्राद्धाच्या स्वयंपाकाची खूण मिळाली की ते पासष्ट. एकाहत्तरचं युद्ध ३ ते १६ डिसेंबर, म्हणजे मार्गशीर्ष वद्य पक्ष. थंडी, शाली, रोज उशिरा उगवणारा चंद्र. त्यात १६ डिसेंबर हा गुरुवार होता. मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडला होता आणि संध्याकाळी रेडिओवर ढाक्यातल्या पाकिस्तानी शरणागतीची बातमी आली, असं कुणी सांगितलं तर तारीख शोधायची गरजच नाही.

दुसरा घोळ खाण्याचा. "एकाहत्तरच्या युद्धात आम्ही लाल मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, खडी फोडली" असं हमखास ऐकायला मिळतं. ते बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळाचं आहे. युद्ध आणि दुष्काळ लागोपाठ आल्यानं दोन्ही एकाच कप्प्यात जाऊन बसलेत. पासष्टचंही तसंच: युद्ध आणि पावसानं दिलेली ओढ एकाच वर्षातली. लालबहादूर शास्त्रींच्या सांगण्यावरून सोमवारी रात्रीचं जेवण सोडलेलं लोकांना आठवतं, ते धान्यटंचाईपायी होतं. यात खोटं कुणी बोलत नाही. तुम्ही फक्त समासात टीप करा.

तिसरी खूण यंत्रांची. "शरणागती आम्ही टीव्हीवर पाहिली" असं मुंबईचं माणूस म्हणालं, तर ते त्यानं पुढे कधीतरी पाहिलेलं आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा युद्धाची चित्रं दिसायची ती थिएटरात, सिनेमाआधीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या रिळांत. भाव आण्यांत सांगितला तर ती आठवण बहुधा १९५७ च्या आधीची, कारण त्या एप्रिलात नवे पैसे आले. अर्थात "चार आणे" म्हणायची सवय पुढे कित्येक वर्षं टिकली, त्यामुळे ही खूण एकटी धरू नका.

महायुद्धातल्या मुंबईसाठी सगळ्यांत भक्कम खुंटी म्हणजे १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावरच्या दारूगोळ्याचा पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. कापसाच्या जळत्या गासड्या आणि सोन्याच्या विटा वस्तीत येऊन पडल्या. जपाननं बॉम्ब टाकला अशीच पहिली समजूत होती. तेव्हा "जपानचा बॉम्ब पडला" असं एखादे आजोबा ठामपणे सांगत असतील तर खोडून काढू नका. त्या संध्याकाळी लोकांना काय वाटलं, त्याची ती नोंद आहे. मुंबईचं रेशनिंग त्याआधीच, मे १९४३ मध्ये आलेलं होतं.

७. वर्तमानपत्राशी ताडून पाहा

जुन्या अंकांचे बांधीव खंड पुण्यात केसरीवाड्यात, मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पाहता येतात. जिल्ह्याच्या जुन्या वाचनालयातही विचारा. सरकारी कागद हवे असतील तर पुराभिलेख संचालनालय, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. आधी फोन करून वेळ आणि ओळखपत्रांचं विचारून घ्या.

अंक हातात आला की पहिलं पान सोडा. आतली बारीक टायपातली पानं वाचा: सिनेमाच्या खेळांच्या बदललेल्या वेळा, पालिकेच्या नोटिसा, होमगार्डची भरती, रॉकेल कधी मिळणार, हरवलं-सापडलं. आजीनं सांगितलेला काळा कागद तुम्हाला तिथे भेटेल, जाहिरातीत, किमतीसकट.

कोल्हापूरकरांना एक वेगळी वाट आहे. वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार बायका-मुलं. त्यांना दूध, भाजी, पाव पोचवणारी, त्यांच्या पोरांबरोबर खेळलेली घरं त्या परिसरात अजून आहेत. गोव्यातल्या घरांत १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी उडवलेल्या पुलांबद्दल विचारा. त्याआधी भारतानं केलेल्या नाकेबंदीत बाजारात मिळणाऱ्या हॉलंडच्या बटाट्यांबद्दलही विचारा. कारगिलचं बरंचसं टीव्हीनं टिपून ठेवलंय, पण एसटीडी बूथवर फोनची वाट पाहत बसलेल्या आयांना कॅमेऱ्यात जागा नव्हती.

८. शेवटी कागदावर

प्रत्येक बैठकीचं एक टिपण करा. वर नाव, जन्मसाल, तेव्हाचं गाव, बैठकीची तारीख. खाली जसं बोललं तसं. समासात तुमच्या टिपा वेगळ्या रंगात, म्हणजे तुमचं आणि त्यांचं कधी मिसळणार नाही. मूळ ध्वनिफीत दोन ठिकाणी ठेवा, एक घराबाहेर. फाइलला "रेकॉर्डिंग ७" असलं नाव देऊ नका. माणूस, गाव, साल घाला.

छापील प्रत मोठ्या टायपात काढून बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. खोडायचं तेवढं त्यांना खोडू द्या, विशेषतः कुणाच्या काळ्याबाजाराबद्दल, कुणाच्या नवऱ्याबद्दल बोललेलं. तोवर ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही. हे वाचून दाखवताना फोन पुन्हा चालू ठेवा, कारण स्वतःचं बोलणं ऐकताना माणसाला "असं नव्हे, आधी ते झालं" म्हणून आणखी चार गोष्टी आठवतात.